घूस

मतमोजणीच्या रात्री शिवडीच्या पालिका शाळेत
सतरा मिनिटं लाइट नव्हती.
सतराच. लॉगबुकात माझ्या अक्षरात आहेत:
नऊ बावन्न ते दहा नऊ.

कोपऱ्यावरच्या पिलरचं दार मी उघडलं,
टॉर्च केणीने धरला.
आत आडवी पडलेली, जळून ताठ झालेली
मांजराएवढी घूस.
शेपूट एका फेजवर, थोबाड दुसऱ्यावर.
चिमट्याने ओढली, फ्यूज बदलले, हँडल वर केलं.
शाळेच्या खिडक्या उजळल्या
आणि आतून कुणीतरी ओरडलं, "आली, आली!"
चाळीत पोरं ओरडतात तसं.

पानाच्या गादीशी हात धुताना एवढंच म्हणालो,
आत घूस होती.

रामसजीवन बावीस वर्षं इथे पानांना चुना लावतो,
मराठी आमच्या केणीपेक्षा बरं बोलतो,
पण काही शब्द त्याच्या कानात
अजून जौनपुरातच राहतात.
त्याला लाच ऐकू आली.

सकाळी तिला आकडा होता.
दुपारी पाकीट.
संध्याकाळी पांढरी गाडी, गाडीला नंबर,
नंबरवाल्याचा ठाण्यात कुणी मामेभाऊ.

मयेकरचा माणूस एकशे छत्तीस मतांनी पडला.
मयेकर म्हणतो, अंधारात यंत्रं बदलली.
तोडणकर म्हणतो, हरणाऱ्यांनीच लाइट घालवली,
उद्या बोंबलायला काहीतरी हवं म्हणून.
अंधार तोच, मिनिटं तीच,
हात तेवढा दुसऱ्याचा.

मी म्हटलं, अरे, यंत्रं बॅटरीवर चालतात,
शाळेची लाइट गेली काय, राहिली काय.
"तेच तर!" मयेकर म्हणाला.
"तेच तर!" तोडणकरही म्हणाला.
चार महिन्यांत दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

घुशीचं सांगितलं तेव्हा मयेकर कीव करून हसला:
"तुला सांगायला सांगितलंय ते तू सांगणार, नोकरी आहे."
तोडणकर हसलासुद्धा नाही:
"कुणाचीच बाजू घेत नाहीस,
म्हणजे त्यांचाच तू."

मंडळाच्या खोलीत कॅरम उभा करून ठेवलाय.
एकतीस वर्षं हे दोघे एकमेकांसमोर बसले,
एकाच वाटीतली पावडर उधळत.
परवा डबा उघडला तर राणी नव्हती.
ती कुणी नेली, याबद्दलही आता दोन मतं आहेत.

रात्री हिराने दिवा मालवला आणि अंधारात विचारलं,
"फोटो का नाही काढलात?"
मेलेल्या घुशीचा फोटो कोण काढतं?
"तसं नाही," म्हणाली आणि कुशीवर वळली.
ते 'तसं नाही' माझ्या उशीखाली राहिलं.

पिलरच्या तळाचं भोक दिवाळीत मीच बुजवलं होतं,
सिमेंटने, या बोटांनी.
मग घूस आली कुठून?
आणि मी पोचलो तेव्हा केणी आधीच तिथे होता.
कुलूप... कुलूप मी उघडलं की त्याने?
मेलेलीच आणून ठेवली नसेल कशावरून?
केणीचा मेहुणा कुणाचे बॅनर लावतो?

अडीच वाजता माझ्याकडे मेहुणा होता.
तीन वाजता मेहुण्याचा साहेब.
खरं सांगतो, बरं वाटत होतं.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा
सगळे तुकडे एकमेकांत बसत होते.

चारला उठलो, टॉर्च घेतला, खाली गेलो.
पिलरशी गुडघ्यांवर बसून पाहिलं:
सिमेंट कुरतडलेलं, मुठीएवढं भोक,
कडेला करडे केस, लेंड्या.
हसायला आलं. भिंतीला टेकून एकटाच हसत बसलो.

मान वर केली तर मयेकर.
हातात दुधाच्या पिशव्या.
काही बोलला नाही.
माझ्याकडे बघितलं, टॉर्चकडे बघितलं,
गुडघ्यांच्या मातीकडे जरा जास्त वेळ.

दहा वाजता तंबाखू मळत रामसजीवनने हळूच विचारलं,
"भाऊ, पहाटे चारला?
तिथे?"