दुसरी बाजू आधी

दस्तगीर शिकलगारच्या दुकानात
मागितलेली रेकॉर्ड कधी कुणाला मिळाली नाही.
व्हीनस कॉर्नरच्या आतल्या गल्लीत
एका अंगाला ग्रीसवाला, दुसऱ्या अंगाला बेअरिंगवाला,
मधे हा, आठ फूट रुंद.
आत किती खोल, ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नसावं.

मी उद्यमनगरात लेथवर होतो.
बहिणीच्या लग्नासाठी सनई हवी होती.
त्यानं विचारलं, दिवसभर काय ऐकतोस?
म्हटलं, काही नाही. मशीन.
"म्हणजे ऐकतोस की."
आणि पिवळ्या कव्हरची एक काढून दिली:
नऊ माणसं, नऊ ढोल, एकाच्याही पायात चप्पल नाही.
"घानाकडची आहे. दुसरी बाजू आधी लाव.
पहिली बाजू पाहुण्यांसाठी असते."

लग्नात वाजवली नाही, एवढी अक्कल होती.
पण रात्री मांडव सोडल्यावर
आवाज बारीक करून लावली, तेव्हा कळलं
चौथा ढोल सगळ्यांच्या किंचित मागून येतोय,
मुद्दाम,
जसा आमच्या जुन्या लेथचा ठोका,
ज्याला आठ वर्षं मी बिघाड म्हणत होतो.

चिठ्ठ्या लिहायचा तो, डॉक्टरसारख्या,
एसटीच्या तिकिटामागं, लाइट बिलाच्या कोपऱ्यावर.
लिस्बनची बाई. शब्द कळणार नाहीत.
रडणं कळतंय का बघ. जेवण झाल्यावर.
जावा बेटावरच्या घंटा. आडवं पडून. पंखा बंद.

काटकर पैलवानाला त्यानं एकट्या पियानोची दिली.
चौथ्या दिवशी गडी गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला:
"यात काही होतच नाही की हो!"
दस्तगीर म्हणाला,
"खडाखडी चालू असते तेव्हा काय होत असतं?"
पैलवान स्टुलावर बसला.
दुकान बंद होईपर्यंत उठला नाही.

एक मात्र मला जमली नाही.
काळं कव्हर, त्यावर नुसता दरवाजा.
तीनदा परत नेली. सहा माणसं
एकाच वेळी भांडतायत, म्हटलं, हे कसलं संगीत?
"मग तू मधे पडू नकोस.
कोपऱ्यात उभा राहा."
रागानं घरी नेऊन कपाटावर टाकली.

मग पंचगंगा दुकानात आली.
साडेसहा फूट. चार दिवस बसून राहिली.
कव्हरांचा लगदा झाला, मधले गोल कागद सुटून गेले,
रेघारेघांत गाळ.
जुन्या लुगड्याच्या तुकड्यांनी पुसून
गच्चीवर, सावलीत, खाटांवर मांडल्या आम्ही
दोन हजार काळ्या चकत्या,
सगळ्या सारख्या, सगळ्या मुक्या.
त्यानं एक उचलून उजेडासमोर धरली, फिरवली,
खाली ठेवली.
"ही कुठली, मलाही सांगता येईना रे."
त्या दिवशी पहिल्यांदा
मी त्याला गिऱ्हाईक झालेला पाहिला.

घरी जाऊन काळी घेऊन आलो.
अख्ख्या दुकानात नाव शाबूत असलेली तेवढी एकच.
म्हटलं, भाई, हिच्यापासून सुरू करा.
दुसरी बाजू आधी.
तो हसला नाही. कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.
सहा माणसं भांडू लागली.
गाळाचा वास, ओल्या भिंती,
आणि मधेच एकानं, कर्ण्यावाल्यानं असेल,
सगळ्यांना वाट करून दिली.
मला ती अजूनही धड आवडत नाही.
पण तो क्षण कुठं येतो, ते ठाऊक आहे.

दस्तगीरभाई हल्ली दुपारी झोपतात,
तेव्हा मी बसतो इथं.
पोरी, तू म्हणतेस, कधी न ऐकलेलं काहीतरी द्या.
घे. पाठीवर खडूनं एकशे बारा लिहिलंय.
आत काय आहे, मला माहीत नाही.
पंखा बंद कर.
ऐकून झाल्यावर येऊन सांग,
चिठ्ठी लिहायची राहिली आहे.