पात्याचं तापमान

सिगुल्डा. सकाळचे सव्वाआठ.
गाउया नदीवर धुकं, आणि माझ्या हातात
पेनाएवढा थर्मामीटर.

माझं काम एवढंच:
स्लेजच्या पोलादी पात्याला तो टेकवायचा,
आकडा मोठ्यानं वाचायचा,
वहीत लिहायचा.

शेडच्या सावलीत एक पातं टांगलंय,
कुणाचंच नसलेलं,
रात्रभर थंडी प्यायलेलं. आज उणे सहा.
त्याहून पाच अंश वर चालतं.
त्यापुढची ऊब म्हणजे चोरी.

कारण ऊन पातं बर्फाला बोलतं करतं,
पाण्याचा एक पापुद्रा सुटतो खाली,
आणि माणूस हजारांश सेकंदानं पुढे जातो.
हजारांश!
तेवढ्यात पापणीला कळतसुद्धा नाही
की आपल्याला लवायचंय.

जर्मन आला, नाकातल्या नाकात गुणगुणत. उणे पाच.
ऑस्ट्रियाची मुलगी, खिळ्यांचा हातमोजा दातांनी ओढत. उणे पाच पूर्णांक दोन.
कोरियाचा पोरगा डोळे मिटून हवेतच वळणं घेत होता,
मान इकडे, खांदा तिकडे,
सोळाच्या सोळा.
त्याचं पातं मोजून झालं तरी
त्याला पत्ता नाही.

मग क्लाव्स. वेल्गाचा मुलगा.
सहा वर्षांचा होता तेव्हा ह्याच उतारावर
मी त्याला उताणा निजवून सांगितलेलं,
डोकं उचलू नकोस,
रस्ता बघायचा नसतो रे,
पोटऱ्यांनी ऐकायचा.

टेकवला. थांबले.
शून्य पूर्णांक चार.
उणे नव्हे.
पुसून पुन्हा टेकवला.
खाली पाचव्या वळणापाशी कुणीतरी
गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत होतं, उगाच,
अजून कुणी सुटलंही नव्हतं.

काय केलंस, मी विचारलं.
काही नाही, म्हणाला.
गाडीत मांडीवर घेऊन बसलो होतो.
भीती वाटत होती.

नियमांच्या पुस्तकात भीतीला कलम नाही.
आकडा मोठ्यानं वाचला.
लिहायला गेले तर पेन गोठलेलं;
तोंडाची वाफ देऊन देऊन
लिहितं केलं.

त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली,
आता सुटणारच असल्यासारखी,
आणि स्लेज काखोटीला मारून पायऱ्यांनी उतरू लागला.
बाकीचे अठ्ठेचाळीस सेकंदांत गेले खाली.
तो दिसत राहिला बराच वेळ,
झाडांमधून, पाठमोरा, मधेच थांबून
कुणाला तरी वाट देताना.

कोण जिंकलं ते वहीत असेल.

संध्याकाळी ते टांगलेलं पातं
पेटीत ठेवायचं असतं. हातमोजा सापडेना,
उघड्या हातानंच धरलं.
अंगठा चिकटला.
सोडवला तेव्हा थोडी कातडी
तिथेच राहिली, पारदर्शक.
थर्मामीटर खिशात होता. काढला नाही.

घरी जाताना वेल्गाच्या बेकरीवरून
सरळ वाट आहे.
मी पुलाकडून गेले.