दुसरा रिले

कुताइसीत संध्याकाळ. डॅशबोर्ड उघडा पडलाय,
आणि मी पाठीवर, पाय दाराबाहेर,
तोंडात टॉर्च.
तपकिरी वायर की जांभळी? ओपेलच्या जुन्या नकाशावर
कॉफीचा डाग नेमका तिथेच.

मंगळवारी रिओनीच्या पुलावरून उतरताना
आईनं चालत्या गाडीचं दार उघडलं.
"गेट आलं," म्हणाली, "पाळी चुकेल."
कारखाना बंद पडून एकतीस वर्षं झाली.
ट्रकच्या सीटा शिवायची ती. बोटं अजून शिवतात,
मांडीवरच्या फ्रॉकची शिवण उसवून पुन्हा.

वाझा म्हणाला, जास्त वेळ वीज देऊ नकोस,
अर्धा सेकंद पुरे.
धरून ठेवलंस तर कुलपाची मोटर जळेल.
म्हणून मध्ये कपॅसिटर. भरतो,
एक ठोका देतो, सोडून देतो.
रस्ता ओलांडताना मी आईचं मनगट धरतो ते,
परवा वळ उठले.

चावी फिरवली. टक्.
चारही दारांच्या खुंट्या एकदम खाली.
मागून आई : "कोण आलंय?"
"कोणी नाही."
"मग उघड ना."

काल गेटापाशी तिनं हँडल ओढलं. दोनदा.
मग हात मांडीवर ठेवून
माझ्याकडे पाहिलं, फोरमनकडे पाहत असेल तसं.

आज दुसरा बसवतोय, उलटा :
चावी काढली की दारं उघडी.
गेटासमोर थांबायचं, इंजिन बंद,
टक्,
आणि तिला उतरू द्यायचं
गुडघाभर गवतातून, साखळीच्या फाटकापर्यंत.
कुलूप हातात घेऊन बघेल.
मग परत येते का, बघू.