आठ कान

मॅन्डोलिनला खुंट्या नसतात, कान असतात,
बाबा म्हणायचे. गाणं बिघडलं की
वाजवणाऱ्याने आधी तारेचा कान पिळायचा,
मग स्वतःचा.
आठ कान. चार या अंगाला, चार त्या.
बटणं हाडाची, चहा सांडल्यागत पिवळी.
एक हरवलेलं, तिथे सदऱ्याचं बटण
लाखेने बसवलेलं.

भुसावळ सोडून निघालेल्या पिंटो ड्रायव्हरकडून
बाबांनी ते घेतलं, बासष्ट साली,
एका सायकलीच्या बदल्यात.
पुढे तीस उन्हाळे ते वरातीत वाजलं,
वरणगाव, सावदा, बोदवड,
ट्रम्पेट आणि ढोलाच्या मधल्या फटीत,
जिथे ते कुणाला ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही.
बँडच्या गाडीवर सगळ्यांत शेवटी
'उखर्डू तायडे, मॅन्डो'.
पेंटरची जागा संपली होती.

मी कोलकात्याहून नवा संच मागवला.
निकेलचा, तोंड दिसेल असा.
हिलाल मिस्तरीने पट्टी जुन्या भोकांवर धरली,
चष्मा कपाळावर, डोळा लाकडाला टेकवून.
"अर्धा सूतना फरक शे."
जुनी भोकं बुजवून नवी पाडता येतील ना, मी विचारलं.
हिलाल अमळनेरचा. शिवणयंत्रं दुरुस्त करतो, कुलपं,
कधी जिनिंगमधली कसली कसली चाकं.
त्याने मॅन्डोलिन माझ्या मांडीवर परत ठेवलं.
"लाकूडले इतला वरीसनी सवय शे, ताई."

मेमधली दुपार, सेहेचाळीस. पंखा गरम हवा ढवळत होता.
रॉकेल, जुना टूथब्रश, मशीनचं तेल.
पट्टी निघाली तेव्हा खालचं लाकूड
तांबूस, कोवळं, उन्हाला न दिसलेलं,
घड्याळ काढल्यावर मनगट असतं तसं.
सात चाकं तेल पिऊन फिरली.
आठवं अडलं.
त्याने दात सुईने उकरले
आणि वर्तमानपत्रावर काहीतरी पडलं:
ज्वारीचा दाणा, अजून थोडासा लाल.

कुणाची अक्षता ही? सावद्याची? बोदवडची?
त्यांना आता नातवंडं असतील,
किंवा पटलंच नसेल.
दाण्याने पितळेचे दोन दात खाल्ले होते.
म्हणजे दर गाण्याआधी मान वाकडी करून
बाबा जिला शिव्या घालायचे
त्या तारेचा काही दोष नव्हता.

मग हिलालने नव्या संचातलं एक चाक काढलं,
त्याचा आटेदार दांडाही. कानस मारली,
फुंकर मारली, जुन्या पट्टीत बसवलं.
तार चढवली. पिळली.
तार ढिली झाली.
पुन्हा पिळली. आणखी ढिली.
नव्या दांड्याचे आटे उलट्या हाताचे निघाले.
तो हसला, तंबाखू दिसेल इतका.
"सात जन आयकतस, एक आयकस नही.
घरच शे ना हाई."

एकशे ऐंशी रुपये.
उरलेली सात नवी चाकं आगपेटीत घालून दिली,
लागतील म्हणाला.
कागद झटकला तेव्हा दाणा गेला.
मला ते घरी आल्यावर आठवलं.

मला वाजवता येत नाही. लावता येतं, तेवढंच.
संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर बसते,
जुळ्या तारा एकमेकींशी मिळेपर्यंत.
सात कान हाताला माहीत आहेत.
आठव्यापाशी बोटं थबकतात,
चढवायची तर उतरव, मी स्वतःला बजावते,
आणि तरी दर वेळी
आधी चुकीकडेच पिळते.
यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळतात,
पायरी हलते, तार जराशी उतरते.
थांबते.
परत.