फुगलेलं पान

झेलंडमध्ये आज वारा वायव्येचा.
तोच.
रात्री दाराची कडी वाजली की मी अजून उठून बसते,
एकोणऐंशी वर्षांची बाई,
पाय खाली सोडून चाचपते
पाणी आहे का.

सात वर्षांची होते. शनिवारची रात्र.
बाबा माळ्यावरून एकेकाला वर ओढत होते,
आई खालून देत होती.
आधी लेंटे, मग मी, मग दुपट्यातला मारिनुस.
आईचा हात बाबांना सापडला,
हातातलं सापडलं नाही.
याच्या पुढचं आमच्या घरात कुणी बोललं नाही.

वसंतात बटाट्यांच्या गोदामात उपासना भरली.
पाळकांनी तेच काढलं:
ढगातलं धनुष्य, आणि जलप्रलय पुन्हा होणार नाही.
बाबा उठले. देवासमोर, भर सभेत
टोपी घातली आणि बाहेर गेले.
संध्याकाळी पाव कापताना एवढंच म्हणाले,
"पृथ्वी म्हणाला तो.
क्रैन दे वितचं शेत म्हणाला नव्हता."

मग चाळीस वर्षं, रोज, दिवे लागायच्या वेळी
ते बांधावर चालत.
चिचुंद्रीचं बीळ दिसलं की काठी घालून खोली बघत,
चिकणमाती दाबत, वर टाच.
प्रार्थना म्हणत नसत.
पण जेवणाआधी, आम्ही म्हणत असताना,
चमचा खाली ठेवत.
त्याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या आजारात त्यांनी ते पुस्तक मागितलं,
शेगडीवर सुकवलेलं, फुगून दुप्पट झालेलं,
घड्यांमध्ये अजून मीठ.
पहिल्या पानावर आमची नावं.
प्रत्येकापुढे जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू.
मारिनुसपुढे दोनच तारखा.
"तिसरी मी लिहिली नाही," ते म्हणाले.
"ती जागा त्याची आहे. त्याने सांगावं."
रागाने म्हणाले की भरवशाने?
माणूस ज्याच्यावर विसंबतो
त्याच्यावरच इतकी वर्षं रागावू शकतो, नाही का.

आज माझ्या पणतवाचा बाप्तिस्मा झाला.
नाव सेम. आईबापांना म्हणे
छोटं, सुटसुटीत नाव हवं होतं.
मी गप्प राहिले. तारवातून उतरलेल्या थोरल्याचं नाव,
त्यांना कशाला सांगा.

मी आयुष्यभर शेतीचे करार पाहिले:
दोन सह्या, साक्षीदार, मुदत, आणि मोडल्यास काय.
हा कसला करार,
ज्यात एक बाजू झोपलेली,
सही नाही, अंगठा नाही,
मूठसुद्धा अजून उघडता येत नाही?
तुझा आणि तुझ्यानंतर तुझ्या संततीचा, म्हणाला.
संततीला विचारलं नाही.
मारिनुसलाही विचारलं नव्हतं.
म्हणजे मोडायचं त्याच्या हाती काहीच नव्हतं,
आणि पाण्याच्या हातीही.
असं मला आज वाटतं.
उद्या वारा फिरला की काय वाटेल, माहीत नाही.

पाळकबाईंनी ओंजळभर पाणी घेतलं.
कोमट होतं, त्यांनी आधी हात घालून पाहिलं होतं.
तरी माझी मांडी ताठ झाली, लेंटेने माझं मनगट धरलं.
सेम जागा झाला, रडला,
मग पाणी ओठांवर आलं तसं चाखू लागला.

घरी येऊन मी पुस्तक काढलं.
आता ते मिटत नाही, दोरीने बांधून ठेवावं लागतं.
खालच्या कोपऱ्यात जागा शिल्लक होती.
जन्म. बाप्तिस्मा.
कागद एकदा भिजला की शाई धरत नाही,
सेमचा स पसरत पसरत
वरच्या ओळीपर्यंत गेला,
मारिनुसच्या मोकळ्या जागेत.

मी टिपकागद शोधला नाही.