हाटलबाई

आमच्या घरात ती कधी आली नाही,
तरी तिचा राग चार पिढ्या टिकला.
पणजोबा लटारू गुरनुले, राहणार तेलंगखेडी,
हरंगीसाहेबाच्या बागेतले माळी,
साहेबासोबत बोटीनं विलायतेला गेले,
तीन हिवाळे तिकडेच.
परतले ते तापात एकच नाव घेत.
हाटलबाईले हिव वाजते.
हाटलबाईची काच फुटली.
पणजी कौतिकानं काच ऐकली
आणि बांगडी समजली.
मग जन्मभर त्यांचं ताट
जमिनीवरून सरकवून वाढलं.
ते गेले तेव्हा म्हणे एवढंच बोलली,
"रडू दे आता तिले."

मी हायकोर्टात पेशकार होते, एकतीस वर्षं.
कलम म्हणजे माझ्या लेखी कायद्याचं.
निवृत्त झाल्यावर नाकाला रुमाल बांधून
सिव्हिल लाइन्सच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊ लागले.
वाळवीनं साहेबांची निम्मी आडनावं खाल्ली होती.
दीड वर्षानं सापडला हरंगी.
खरं नाव हॅरिंगे, बंदोबस्त अधिकारी,
बदली, बढती, रजा, पेन्शन,
कायमचा पत्ता हार्टल्बी हॉल.
मी ते मोठ्यानं वाचलं.
शिपाई डबा खाता खाता थांबला.
हार्टल्बी. हाटलबी.
बाई नव्हती, बाप्पा. घर होतं.

तिकडे कागद सांभाळणाऱ्या बाईंना लिहिलं.
त्यांनी आधी फॉर्म पाठवला:
घराण्याशी आपलं नातं?
मालक, कूळ, नोकर, इतर.
रकाना रिकामा सोडू नका,
हे मी शेकडो पक्षकारांना बजावलंय.
सोडला.

तरी हिशेबाच्या वहीची पानं आली.
काचघरासाठी कोळसा, इतके पौंड.
संत्रीवाल्याला मजुरी, नऊ शिलिंग.
संत्रीवाल्याला बूट, एक जोडी.
पुढच्या पानावर, वेगळ्या शाईत:
बूट परत आले, न वापरलेले.
नाव कुठेच नाही.
पण ती पावलं माझ्या ओळखीची,
बाबांचीही तशीच, अंगठा बाहेर वळलेला,
कुठल्याच चपलेला न जुमानणारी.

सोबत एक फोटो. काचेची लांबच लांब खोली,
आत ऊन कोंडलेलं, बाहेर बर्फ.
कुंडीत गुडघ्याएवढं झाड.
झारीच्या मुठीवर एक काळा हात,
बाकीचा माणूस फोटोच्या बाहेर.

आणि ही ओळ, जी मी पुन्हा पुन्हा वाचते:
खुंट इथल्या कडू नारिंगाचा, डोळा नागपूरचा. धरला.
जंबेरी नव्हती तिथे, म्हणून
त्यांच्याच खुंटावर आपला डोळा बांधला.
सुतळी कुठली असेल? की धोतराचा काठ फाडला?
मग तीन हिवाळे रात्रीबेरात्री उठून
भट्टीत कोळसा टाकला,
बाळंतिणीच्या शेगडीत टाकावा तसा.
त्यातल्याच दुसऱ्या हिवाळ्यात इकडे
कौतिकाचं पहिलं पोर खोकल्यानं गेलं.
ते कुठल्याच वहीत नाही.
अनसूयाआत्या सांगते, म्हणून आहे.

आत्या आता नव्वदीची, नरखेडला असते.
फोटो दाखवला, सगळं सांगितलं,
बाई नव्हती गं, घर होतं, काचेचं.
तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.
"घर होय? मंग तं अजूनच वाईट.
बाई असती तं कधी ना कधी म्हणाली असती,
जा आता घरी."
मग संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं,
आंबिया बहाराचं, जरा आंबटच.
बिया कुठे टाकू, मी विचारलं.
"टाक कुठंबी. बियाचं झाड काय कामाचं?
कलम कराले माणूस लागते."
आणि लगेच,
"तुई बस किती वाजताची?"