हिरवा ताणा, तांबडा बाणा

पहिल्या रात्री राजाची शाल गुलाबी झाली.
तसली गुलाबी आमच्या वडगावात कुणी विणत नाही,
जत्रेतल्या पिपाणीलासुद्धा नसते.
गोकाकचा महांतेश फोनवर हसत सुटला,
म्हणाला, ही गेमनं मारलेली बोंब रे,
सांगितलेलं चित्र सापडेना त्याला.
फाईलच्या नावात एक अक्षर मोठं पडलं होतं.

दुसऱ्या रात्री चित्र सापडलं.
बाबांच्या मागावरचा हातभर तुकडा,
ट्यूबलाईटखाली काढलेला फोटो,
राजाच्या खांद्यावर नेमका बसला.
खरं बसला म्हणजे
कॉलेज रोडवरच्या फ्लेक्ससारखा.
आणि गेममध्ये मध्यरात्र झाली,
मशाली विझल्या, घोडे काळे पडले,
तरी शालीवर एक पांढरा पट्टा जळतच राहिला:
आमच्या मागघरातली ट्यूब.
मी ती इथून उचलून थेट
त्याच्या राज्यात नेली होती.

महांतेश म्हणाला, चित्रात उजेड आणू नकोस.
चित्र म्हणजे नुसता रंग.
बेळकु गेमकडं मागायचा,
आणि मिळालेल्या बेळकुचं कापडानं काय करायचं
ते शेडर ठरवतो.
उजेडाला तो बेळकु म्हणतो.
त्या रात्रीपासून मीही.

मग ढगाळ दुपार बघून तुकडा गच्चीवर पसरला.
सावली कुठंच पडत नव्हती.
फोटो आला मेलेला, बिनचेहऱ्याचा,
म्हणजे बरोबर.
त्याच्या जोडीला दुसरं चित्र केलं, निळंजांभळं,
त्यात कुठला धागा वर, कुठला खाली,
एवढंच लिहिलेलं असतं.
बाबा मागून बघत होते.
"हे काय, शाई सांडलीय?"
म्हटलं, ही उंचसखल.
त्यांनी पडद्यावर अंगठा फिरवला.
"हाताला तर काय लागंना."

तिसऱ्या की पाचव्या रात्री
सगळं बरोबर होतं आणि शाल खोटी होती.
चमक दिली तर स्टीलचं ताट,
काढून घेतली तर घोंगडं.
बाबा जेवून आले, कांडीचा दोरा अजून बोटाला.
"रंग कुठला दिलास?"
हिरवा.
"हिरवाच कशाला? बघ की."
तुकडा माझ्या डोळ्यांपुढं धरून जरा कलवला,
हिरवा गेला, तांबडा आला.
परत कलवला. हिरवा.
"ताणा हिरवा, बाणा तांबडा.
कापडाला कुठला रंग?
बघणारा कुठं हुबारलाय, तसा रंग."
चाळीस वर्षं माग हाणलेला माणूस,
सातवी नापास,
एका ओळीत मला तो कोन सांगून
पाणी प्यायला गेला.

ती ओळ मी लिहिली.
समोरून बघितलं तर हिरवा,
नजर निसटायला लागली की तांबडा,
मधे दोघांची भेळ, किती ते कोन सांगेल.
राजा तटावर चढला, वळला,
आणि संध्याकाळ त्याच्या पाठीवरून
धोट्यासारखी ह्या काठाहून त्या काठाला गेली.
महांतेश म्हणाला, छलो.
त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

बाबा म्हणाले, "काखेत जोड दिसतोय."
दिसतोच. कुठलीही गोल वस्तू
चित्रासाठी सपाट अंथरायची
तर कुठंतरी कापावी लागते,
आणि कापल्या जागी नक्षीला नक्षी भेटत नाही.
सीमाभागात वाढून हे मला
कुणी वेगळं शिकवायला नको होतं.
शिवण मी काखेत लपवली होती.
विणकराला सापडली.

झोपायला जाताना त्यांनी तुकडा उचलला.
पडद्याचा उजेड त्याच्यावर पडला
आणि तो हिरवाही दिसेना, तांबडाही.
घासायच्या आधीच्या तांब्याच्या बुडासारखं काहीतरी,
ज्याला बाबांपाशीही नाव नव्हतं.
"ह्यो कुठनं आला?"
आम्ही दोघं तुकडा कलवत बसलो,
राजा तटावर तसाच उभा,
लाईट जाईपर्यंत.